एलिझाबेथ फ्राय : बायकांच्या तुरुंगाचं दार ठोठावणारी बाई



शाळेची तपासणी आहे असं कळलं की काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. आदल्या दिवशी फळे धुतले जातात, मुतारीत फिनेल पडतं, पाण्याच्या टाकीवर कुठून तरी झाकण येऊन बसतं. साहेब येतात, फिरतात, शेरेबुकात समाधानकारक म्हणून लिहितात, चहा घेतात आणि जातात. आठवड्याभरात ते झाकण पुन्हा गायब. कुणाला नावं ठेवायला हे लिहीत नाही, मीही त्याच फिनेलच्या वासात बरीच वर्षं काढली आहेत. पण आज ज्या बाईंची माहिती आपण पाहणार आहोत, त्यांचं सगळं काम याच प्रश्नाभोवती फिरतं. जी माणसं कुलपाआड आहेत, त्यांचं अन्न, पाणी, अंथरूण, दुखणंखुपणं कुणी बघायचं? ज्यांच्या हातात किल्ली आहे त्यांनीच, की बाहेरच्या कुणीतरी?

या बाई म्हणजे एलिझाबेथ फ्राय. इंग्लंडच्या पाच पौंडांच्या नोटेवर 2002 पासून 2017 पर्यंत त्यांचं चित्र होतं. टोपी घातलेली एक बाई बसलेल्या बायकांना काहीतरी वाचून दाखवते आहे, असा प्रसंग त्या नोटेवर होता. मुलांना सांगताना इथूनच सुरुवात करा. नोटेवर राजाराणी असतात हे मुलांना माहीत असतं, पण तुरुंगात जाऊन बसणारी बाई नोटेवर कशी आली, असं विचारलं की वर्ग कान टवकारतो.

एलिझाबेथ गर्नी यांचा जन्म 21 मे 1780 रोजी इंग्लंडमधल्या नॉरिच गावी झाला. वडील बँकेच्या धंद्यातले, घर खाऊनपिऊन सुखी. घराणं क्वेकर पंथाचं होतं. क्वेकर हा ख्रिस्ती लोकांतला एक छोटा पंथ. भपका नको, शपथ नको, युद्ध नको, आणि प्रार्थना बरीचशी शांत बसून करायची. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट म्हणजे या पंथात बाईलाही उठून प्रवचन करता येत असे. त्या काळात हे फार दुर्मीळ होतं.

लहानपणची एलिझाबेथ काही धीट वगैरे नव्हती. अंधाराला घाबरायची, समुद्राला घाबरायची, सारखी आजारी पडायची. अभ्यासात भावंडांच्या मागे. ती बारा वर्षांची असताना आई गेली. (अशी एखादी मुलगी तुमच्याही वर्गात शेवटच्या बाकावर बसलेली असेल.) घरचे क्वेकर असले तरी फार कडक नव्हते. सतरा वर्षांची एलिझाबेथ जांभळे बूट आणि त्यांना लाल नाड्या अशा थाटात सभेला जायची. 1798 साली अमेरिकेहून आलेल्या विल्यम सॅव्हरी नावाच्या प्रवचनकाराचं बोलणं तिने ऐकलं आणि तिचं मन पालटलं. रंगीत कपडे गेले, साधा पोशाख आला. आसपासच्या गरिबांच्या मुलांना गोळा करून घरातच तिने शाळा काढली. बघता बघता सत्तरएक मुलं झाली. म्हणजे बाईंच्या कामाची सुरुवात शिकवण्यापासूनच झाली.

1800 साली जोसेफ फ्राय या लंडनच्या व्यापाऱ्याशी लग्न झालं. पुढच्या बावीस वर्षांत अकरा मुलं झाली. एवढ्या बाळंतपणांत आणि पाहुण्यारावळ्यांत कुणी दुसरं काही केलं नसतं तरी चाललं असतं. फ्रायबाई मात्र प्लॅशेट या गावी राहायला गेल्यावर देवीची लस टोचायला शिकल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या मुलांना स्वतः टोचत फिरल्या. लस तेव्हा नवीनच होती. तुरुंगात शिरल्यावर त्यांचं लक्ष आधी अंथरुणाकडे, कपड्यांकडे, आजारी पोरांकडे का गेलं, ते यावरून ध्यानात येतं.

आता न्यूगेट. लंडनमधला हा जुना, बदनाम तुरुंग. 1813 च्या जानेवारी-फेब्रुवारीत कडाक्याची थंडी होती. स्टीफन ग्रेलेट नावाचे एक क्वेकर गृहस्थ हा तुरुंग पाहून आले आणि फ्रायबाईंना भेटले. तिथली तान्ही मुलं थंडीने कुडकुडताहेत, अंगावर धड चिंधी नाही, हे त्यांनी सांगितलं. बाईंनी ओळखीच्या बायका जमवल्या, फ्लॅनेलचे कपडे शिवले आणि ॲना बक्स्टन या मैत्रिणीला घेऊन न्यूगेटच्या दारात उभ्या राहिल्या.

आत काय होतं? दोन मोठ्या खोल्या आणि दोन कोठड्या. सगळी जागा मिळून साधारण 190 चौरस यार्ड, म्हणजे आपल्या तीन-चार वर्गखोल्यांएवढी. तीत जवळजवळ 300 बायका आणि त्यांची पोरं. खटला चालू असलेल्या, शिक्षा झालेल्या, फाशी ठरलेल्या, सगळ्या एकत्र. तिथेच स्वयंपाक, तिथेच धुणं, तिथेच जमिनीवर अंथरुणाविना झोपणं. दारू मात्र आत विकत मिळायची. गजाबाहेरच्या माणसांकडे भीक मागायला काठीला बांधलेले लाकडी चमचे. आणि या सगळ्या बायकांवर रात्रंदिवस देखरेख करायला एक म्हातारा आणि त्याचा मुलगा. बाई एकही नाही. तुरुंगाचा अधिकारी स्वतःच आत जायला कचरत असे. तुमची घड्याळं बाहेर ठेवून जा, असा सल्ला त्याने या दोघींना दिला होता.

आपण जरा इथे थांबू. न्यूगेटला देखरेख नव्हती असं नाही. नगरपालिकेचे आल्डरमन होते, शेरीफ होते, पगारी पाद्री होता. कागदावर सगळं होतं. पण त्यांतले कुणी बायकांच्या खोलीत जाऊन, खाली बसून, एखाद्या पोराच्या अंगाला हात लावून बघत नव्हते. जे रोज पाहत होते त्यांची नजर मेली होती आणि ज्यांनी पाहायचं ते फिरकत नव्हते.

फ्रायबाईंनी कपडे वाटले, आजारी बायकांखाली गवत घालायची सोय केली आणि त्या घरी आल्या. पुढे जवळजवळ चार वर्षं त्या न्यूगेटच्या कामाला परत लागू शकल्या नाहीत. चरित्रं सांगताना हा भाग आपण गाळतो, कारण थोर माणसाने एकदा पाहिलं की लगेच कंबर कसायची असते ना! पण या वर्षांत बाईंना आणखी मुलं झाली, नवऱ्याचा धंदा डगमगला, आणि 1815 साली जवळजवळ पाच वर्षांची एक लेक गेली. माझ्या मते हा भाग मुलांना जरूर सांगावा.

1816 चा शेवट आणि 1817 ची सुरुवात या दिवसांत त्या पुन्हा गेल्या. या वेळी त्यांनी पहारेकऱ्यांना बाहेर थांबायला सांगितलं आणि एकट्या बायकांच्यात गेल्या. एक लेकरू उचलून घेतलं आणि त्या आयांना विचारलं, या मुलांसाठी आपण मिळून काही करायचं का? प्रवचन नाही, उपदेश नाही. शाळा काढायचं ठरलं. शिक्षिका कोण? तर त्या कैदी बायकांनीच आपल्यातली एक निवडली, मेरी कॉनर नावाची, घड्याळ चोरल्याबद्दल आत आलेली तरुणी. तिने वर्ग नीट सांभाळला. पुढे तिला माफी मिळाली, पण क्षयाने ती लवकरच गेली.

अधिकाऱ्यांनी माना हलवल्या. या बायका शिवणकाम करतील? सुया पळवतील, कापड विकून खातील! तरी एप्रिल 1817 मध्ये बारा बायकांनी मिळून मंडळ काढलं. त्यांतल्या अकरा क्वेकर होत्या. रोज कुणी ना कुणी तुरुंगात जायचंच, हा पहिला नियम स्वतःसाठी. एक पगारी मेट्रन नेमली. तिच्या पगाराचा भार सुरुवातीला मंडळानेच उचलला. कैद्यांसाठी नियम केले, पण ते भिंतीवर चिकटवून दिले नाहीत. एकेक नियम वाचायचा आणि बायकांनी हात वर करून मान्य आहे की नाही ते सांगायचं. बाराबारा जणींचे गट आणि प्रत्येकीला गटप्रमुख. (आपल्या वर्गातल्या मॉनिटरची आठवण झाली ना?) पहिल्या दहा महिन्यांत या बायकांनी सुमारे 20,000 नग शिवून दिले. थोड्याच दिवसांत नगरपालिकेचे अधिकारी येऊन पाहून गेले आणि मेट्रनच्या खर्चाचा काही भाग उचलायला तयार झाले.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच पुस्तकांत असते आणि ती दयाळू बाईची गोष्ट म्हणून संपते. खरी गोष्ट यानंतरची आहे.

27 फेब्रुवारी 1818 रोजी फ्रायबाई ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे साक्ष द्यायला गेल्या. बाईला मताचा अधिकार नाही, सभागृहात जागा नाही, अशा काळात. रोज जाऊन पाहिलेलं त्यांनी सांगितलं. झोपताना एकीच्या वाट्याला जेमतेम दोन फूट रुंदीची जागा येते. कपडे पुरत नाहीत. काम मिळतं ते आमच्या मंडळाच्या ओळखीने, सरकारने ते द्यायला हवं. आणि मुख्य म्हणजे बायकांचा तुरुंग वेगळा हवा आणि तिथे डॉक्टर आणि पाद्री सोडून पुरुष नकोत. बघा, ही माहिती तुरुंगाच्या अधिकाऱ्याकडून संसदेला कधीच मिळाली नसती. तो काही सगळाच खोटं बोलणारा होता असं नाही. पण आपल्याच घराची ओल आपल्याला दिसत नाही. पाहुणा आला की आधी त्याच्या नाकाला वास जातो.

त्याच वर्षी त्यांना ठेचही लागली. हॅरिएट स्केल्टन नावाची एक बाई खोट्या नोटा खपवल्याबद्दल फाशीची वाट पाहत होती. तिचा जीव वाचावा म्हणून बाई थेट गृहमंत्री लॉर्ड सिडमथ यांच्यापर्यंत गेल्या. उपयोग झाला नाही. एप्रिलमध्ये फाशी झाली, आणि गृहमंत्र्यांची मर्जी गेली ती गेलीच. बाहेरून येऊन पाहणाऱ्याला लोक कुठपर्यंत सहन करतात ते इथे दिसतं. कपडे वाटा, शाळा काढा, छान. निर्णयावर बोट ठेवलंत की दार बंद.

काळ्या पाण्यावर पाठवायच्या बायकांचंही तसंच. न्यूगेटहून त्यांना बेड्या घालून उघड्या गाड्यांतून बंदरावर नेत. रस्त्याने लोक शिव्या घालत, चिखल फेकत. म्हणून आदल्या रात्री या बायका खिडक्या, बाकं फोडून काढत. 1818 साली बाईंनी बंद घोडागाड्या मागून घेतल्या आणि स्वतः मागच्या गाडीत बसून गेल्या. तोडफोड झाली नाही. तिथून पुढे दर जहाजावर जाऊन पाहणं हा मंडळाचा नेमच झाला. पंचवीसएक वर्षांत 106 जहाजं आणि सुमारे 12,000 बायका. प्रत्येकीला एक पिशवी मिळे, तीत सुई, दोरा, कात्री, कापडाचे तुकडे. चार-पाच महिन्यांच्या प्रवासात हात रिकामे नकोत म्हणून. 1841 साली राजा नावाच्या जहाजावरच्या बायकांनी त्या तुकड्यांची एक मोठी गोधडी शिवली, 2,815 तुकड्यांची. ती आज ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. आपल्या आज्या वाकळ शिवायच्या तसलीच, पण समुद्रावर शिवलेली. ऑस्ट्रेलियात उतरल्यावर या बायकांना राहायला जागाच नाही, हे तिथल्या सॅम्युएल मार्सडेन नावाच्या पाद्रीने बाईंना पत्राने कळवलं, तेव्हा त्यांनी लंडनमध्ये त्याचाही पाठपुरावा केला.

1823 साली कायदा झाला. गृहमंत्री आता रॉबर्ट पील होते. बायकांना पुरुषांपासून वेगळं ठेवायचं, त्यांच्यावर पहारा बायकांचाच, तुरुंगात दारूविक्री बंद, डॉक्टर आणि पाद्री यांच्या नियमित फेऱ्या. बाईंनी मागितलेलं बरंच काही कायद्यात आलं. पण दोन भोकं राहिली. एक, हा कायदा साधारण 130 मोठ्या तुरुंगांनाच लागू होता. लहान गावांतल्या कोंडवाड्यांना आणि कर्जबाजाऱ्यांच्या तुरुंगांना नाही. दुसरं, कायदा पाळला जातोय का हे पाहायला सरकारचा एकही निरीक्षक नव्हता. जिथले न्यायाधीश मनावर घेत तिथे सुधारणा झाली, इतर ठिकाणी कायदा कपाटात. शासन निर्णयाचं पुढे काय होतं, हे आपल्या पेशातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही.

मग बाईंनी काय केलं? 1821 सालीच त्यांनी देशभरच्या महिला मंडळांची एक संस्था बांधली होती, आता गावोगावी अशी मंडळं उभी करण्यावर भर दिला. 1827 साली एक छोटं पुस्तक लिहिलं, बायकांच्या तुरुंगांना भेट कशी द्यावी, तिथे काय पाहावं, यावर. तुरुंग पाहण्याचं काम गावातल्या बायकांनी करावं, नियमाने करावं, आणि अधिकाऱ्यांशी भांडण न करता पण डोळे उघडे ठेवून करावं, असा त्याचा रोख होता.

आता त्यांच्या चुकाही पाहू. न्यूगेटमधलं त्यांचं शुक्रवारचं वाचन इतकं गाजलं की लंडनची बडी मंडळी ते पाहायला येऊ लागली. परदेशी पाहुणे, सरदार, त्यांच्या बायका. कैदी बायका बाकांवर, पाहुणे समोर. मला हे खटकतं. ज्या बायकांना रस्त्यावरच्या लोकांच्या नजरेपासून वाचवायला बंद गाड्या आणल्या, त्याच आता सभ्य लोकांच्या नजरेसमोर मांडून ठेवल्या गेल्या. तपासणीचा असा समारंभ झाला की तपासणी संपते. शिवाय त्यांच्या मंडळात धर्माचा आग्रह होता. बायबल वाचून माणूस सुधारतो, ही त्यांची श्रद्धा, आणि सगळ्याच बायकांना ते मानवलं असेल असं मला वाटत नाही.

घरी तर वेगळंच वादळ. आई गावभर फिरते आणि मुलांकडे लक्ष नाही, ही कुजबुज आधीपासून होतीच. 1828 च्या नोव्हेंबरमध्ये नवऱ्याची बँक बुडाली. बँकेचा पैसा बाईंच्या तुरुंगाच्या कामाला गेला, अशी अफवा उठली. क्वेकर मंडळींनी जोसेफना समाजातून काढून टाकलं. प्लॅशेटचं घर सोडावं लागलं. माहेरच्या भावांनी सावरलं, तेव्हा संसार आणि काम दोन्ही चालू राहिलं.

शेवटी 1835 साली, बाईंनी लॉर्ड्सच्या समितीपुढे पुन्हा साक्ष दिली त्याच वर्षी, सरकारने तुरुंग निरीक्षक नेमायचा कायदा केला. पाच निरीक्षक, पगार सरकारचा, अहवाल थेट गृहमंत्र्यांना आणि तो छापून संसदेत. त्यांतले एक, बिसेट हॉकिन्स, डॉक्टर होते. विल्यम क्रॉफर्ड आणि व्हिटवर्थ रसेल या दोघांनी 1836 च्या पहिल्याच अहवालात न्यूगेटची पार लाज काढली. तिथल्या आल्डरमन मंडळींना ते फार झोंबलं. तुरुंगाबाहेरचा, तुरुंगाच्या पगारावर नसलेला, लेखी बोलणारा डोळा अखेर कायद्याने आला.

पण पाचांत बाई एकही नव्हती. आणि क्रॉफर्ड-रसेल यांचा भर कैद्यांना एकेकटं कोंडून ठेवण्यावर होता. माणूस एकटा राहिला की पश्चात्ताप करतो, असा त्यांचा समज. 1842 साली लंडनमध्ये पेंटनव्हिल तुरुंग त्याच नमुन्यावर उघडला. फ्रायबाईंनी याला विरोध केला. इतकी वर्षं बायकांच्यात बसल्यामुळे त्यांना माहीत होतं की दिवसचे दिवस माणसाचा आवाज ऐकला नाही, उजेड नीट दिसला नाही, तर डोकं फिरतं. अंधारकोठडीला त्यांनी ठाम नकार दिला. निरीक्षकांकडे अधिकार होता, बाईंकडे अनुभव होता, आणि ऐकलं गेलं ते अधिकाराचं. मोजमाप करणारा आणि शेजारी बसून ऐकणारा, दोघेही लागतात, पण त्या काळच्या व्यवस्थेत दुसऱ्याला खुर्ची नव्हती.

शेवटच्या वर्षांत त्या फ्रान्स, बेल्जियम, हॉलंड, जर्मनी, डेन्मार्क असं फिरल्या आणि तिथले तुरुंग पाहिले. 1840 साली गरिबांच्या घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांची संस्था काढली. 1842 साली प्रशियाचा राजा लंडनला आला, तेव्हा बाईंबरोबर न्यूगेट पाहून आला आणि त्यांच्या घरी जेवला. समुद्राला घाबरणाऱ्या या बाईंचा शेवट रॅम्सगेट या समुद्रकाठच्या गावी झाला, 12 ऑक्टोबर 1845 रोजी.

न्यूगेट विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाडलं आणि त्या जागेवर ओल्ड बेली हे न्यायालय उभं राहिलं. तिथे आत फ्रायबाईंचा संगमरवरी पुतळा आहे.

आपल्याकडचा एक प्रसंग सांगून थांबतो, कारण पालक सभेत हा विषय निघाला की सगळे म्हणतात, हे तिकडचं झालं. 1982 च्या मे महिन्यात शीला बारसे या पत्रकार मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात गेल्या आणि 15 स्त्री कैद्यांशी बोलल्या. त्यांतल्या पाच जणींनी पोलिस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. बारसेंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयाने त्याची याचिका करून घेतली आणि खरं-खोटं पाहायला पोलिसांना किंवा तुरुंग खात्याला पाठवलं नाही. मुंबईच्या निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिका बाईंना आत जाऊन त्या स्त्रियांना भेटायला सांगितलं. त्यांचा अहवाल आला आणि फेब्रुवारी 1983 मध्ये निकाल लागला. स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या, त्यांवर महिला पोलिसांचा पहारा, चौकशी महिला पोलिसांच्या समोरच. आणि मुंबईतल्या पोलिस कोठड्यांना सत्र न्यायालयाच्या एका न्यायाधीशाने, शक्यतो महिला न्यायाधीशाने, वेळोवेळी भेट द्यावी. कधी येणार ते आधी न कळवता.